सर जोसेफ भोर : आरोग्यसेवेचा आराखडा आखणारे नाशिकचे सनदी अधिकारी

लखनौ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात गरोदर स्त्रीची पहिली तपासणी होते ती उपकेंद्रात. तिची प्रकृती बिघडल्यास तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून सामुदायिक आरोग्य केंद्रात आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले जाते. अगदीच गुंतागुंतीचा आजार असेल, तर शहरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ किंवा संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था हा अखेरचा टप्पा असतो. महाराष्ट्रातील पालघर किंवा गडचिरोलीतील स्त्रीलाही हीच पायरी चढावी लागते. नावे बदलतात, व्यवस्था तीच असते.

ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी विचारपूर्वक योजली असेल, असे आपल्या सहसा मनात येत नाही. प्रत्यक्षात तिचा आराखडा १९४३ ते १९४६ या काळात एका समितीने तयार केला. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ विल्यम भोर हे होत. वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकणारा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरते का होईना, भोर समितीचे नाव पाठ करतो. मात्र हे भोर मूळचे नाशिकचे, त्यांचे शिक्षण पुण्यात झाले आणि ते स्वतः डॉक्टर नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नाशिक ते लंडन

जोसेफ भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. दख्खनमधील भीषण दुष्काळाचे चटके तेव्हा अजून ताजे होते. त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण डेक्कन कॉलेजमध्ये झाले. पुढे त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. त्यांच्या ऐन तारुण्यात, १८९६ साली, मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला आणि लवकरच पुणेही त्याच्या विळख्यात सापडले. घरोघरी सक्तीच्या झडत्या, सामानाची जाळपोळ आणि त्यातून उसळलेला लोकक्षोभ हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या काळात सरकारी आरोग्यव्यवस्था सामान्य माणसाला भेटत असे ती साथीच्या वेळी, आणि तीही बहुतेक वेळा शिपायाच्या रूपाने. रोग नसताना गावात येणारा डॉक्टर किंवा परिचारिका ही कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

१९०२ साली भोर इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. आयसीएसमध्ये भारतीयांची संख्या त्या काळी अत्यल्प होती. १९११ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट विल्की स्टॉट यांच्याशी झाला. मार्गारेट यांनी स्कॉटलंडमध्ये वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेली होती.

१९१४ ते १९१९ ही पाच वर्षे भोर कोचीन संस्थानाचे दिवाण होते. पहिल्या महायुद्धाचा आणि इन्फ्लुएन्झाच्या महासाथीचा हा काळ. १९१८ च्या या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. संस्थानाचा संपूर्ण कारभार हाती असलेल्या दिवाणाला महसूल, धान्यपुरवठा, शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा एकमेकांशी असलेला संबंध रोजच्या रोज पाहावा लागतो. आरोग्य ही केवळ औषधांची बाब नाही, अन्न, पाणी, घर आणि शिक्षण यांच्याशी ते जोडलेले आहे, हा विचार भोर समितीच्या अहवालात पुढे ठायी ठायी आढळतो.

दिल्लीतील कारकीर्द आणि लखनौचे आंदोलन

कोचीननंतर भोर यांची कारकीर्द झपाट्याने बहरली. लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त कार्यालयाचे सचिव आणि काही काळ हंगामी उच्चायुक्त म्हणून त्यांनी काम पाहिले. १९२४ मध्ये ते भारत सरकारच्या शिक्षण, आरोग्य व भूमी खात्याचे सचिव झाले. तथापि १९१९ च्या सुधारणांनुसार सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतांकडे सोपविण्यात आला होता. त्यामुळे दिल्लीतील खात्याच्या हाती सल्ला देण्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. प्रांतांकडे अधिकार होते, पण पैसा नव्हता. केंद्राकडे पैसा होता, पण अधिकार नव्हते. आरोग्यसेवेच्या वाटेतील ही अडचण भोर यांना सचिवपदावरून जवळून पाहता आली.

१९२८ साली सायमन आयोग भारतात आला, तेव्हा आयोगाच्या सचिवपदाची भारताकडील जबाबदारी भोर यांच्यावर सोपविण्यात आली. या आयोगात एकही भारतीय सदस्य नसल्याने देशभर त्यावर बहिष्कार पुकारण्यात आला होता. नोव्हेंबर १९२८ च्या अखेरीस आयोग लखनौला पोहोचला, तेव्हा तेथे झालेल्या निदर्शनांवर पोलिसांनी लाठीहल्ला केला. त्यात जवाहरलाल नेहरू आणि गोविंद वल्लभ पंत यांना मार बसला. पंतांना झालेल्या दुखापतीचे परिणाम त्यांना आयुष्यभर भोगावे लागले. तालुकदारांनी कैसरबागेत आयोगाचा सत्कार ठेवला असता निषेधाचा मजकूर लिहिलेले पतंग आणि फुगे लखनौकरांनी त्या समारंभात उतरवले, ही हकिकत आजही त्या शहरात सांगितली जाते.

या प्रसंगाचे महत्त्व भोर यांच्या चरित्रात वेगळे आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते कधीच उतरले नाहीत. ते सरकारच्या बाजूचे मानले जात. १९३० मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. प्रथम उद्योग व कामगार आणि नंतर वाणिज्य व रेल्वे ही खाती त्यांनी सांभाळली. जपानी कापडाच्या आयातीवरून निर्माण झालेल्या तंट्यात १९३३-३४ साली जपानी शिष्टमंडळाशी झालेल्या वाटाघाटींचे नेतृत्व त्यांनी केले. त्यांना सर हा किताबही मिळाला. अशा व्यक्तीने लिहिलेला अहवाल स्वतंत्र भारताच्या नेत्यांनी, म्हणजेच लखनौच्या रस्त्यावर लाठ्या खाल्लेल्या नेहरू-पंतांच्या पिढीने, आपल्या आरोग्यधोरणाचा पाया म्हणून स्वीकारावा, ही घटना त्या अहवालाच्या गुणवत्तेविषयी पुरेसे काही सांगून जाते.

समितीची स्थापना

१९३५ मध्ये भोर कार्यकारी मंडळातून निवृत्त झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये भारत सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पासष्ट वर्षांच्या भोर यांच्याकडे दिले. दुसरे महायुद्ध सुरू होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मृत्युमुखी पडत होते. इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी बेव्हरिज अहवालाने सामाजिक सुरक्षेची नवी कल्पना मांडली होती आणि युद्धोत्तर पुनर्रचनेची चर्चा सर्वत्र होती.

समितीत डॉक्टर, लोकप्रतिनिधी आणि प्रशासक अशा विविध क्षेत्रांतील मंडळी होती. मद्रासचे विख्यात प्रसूतिशास्त्रज्ञ डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार, कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. जॉन ग्रँट आणि मुंबईच्या कामगार चळवळीचे नेते नारायण मल्हार जोशी ही त्यांतील काही नावे. सचिव म्हणून डॉ. के. सी. के. ई. राजा यांनी काम पाहिले. समितीने देशातील विविध प्रांतांचा दौरा केला, साक्षी नोंदविल्या आणि परदेशांतील तज्ज्ञांनाही पाचारण केले. ऑक्सफर्डचे जॉन राइल आणि अमेरिकेतील वैद्यक-इतिहासकार हेन्री सिगेरिस्ट हे त्यांपैकी होत.

एका प्रश्नावर देशभर काही प्रयोग आधीच झाले होते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने बंगालमधील सिंगूर, मद्रास इलाख्यातील पूनमल्ली, त्रावणकोरमधील नेय्याट्टिनकरा आणि संयुक्त प्रांतातील, लखनौपासून फार दूर नसलेले प्रतापगढ अशा ठिकाणी ग्रामीण आरोग्य केंद्रे चालविण्यात आली होती. ठरावीक लोकवस्तीसाठी एक पथक, त्यात डॉक्टर, आरोग्य-परिचारिका, सुईण आणि स्वच्छता निरीक्षक, आणि उपचार व प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच छताखाली, अशी या केंद्रांची रचना होती. लहान प्रमाणावर जे साधले, ते देशभर साधता येईल काय, हा समितीपुढील खरा प्रश्न होता.

पाहणीत काय आढळले

१९४६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा पहिला खंड केवळ पाहणीचा आहे. त्यातील आकडे आजही अस्वस्थ करतात. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात दगावत. हिवतापाने किमान दहा कोटी लोक दरवर्षी आजारी पडत आणि क्षयरोगाने सुमारे पाच लाख मृत्यू होत. क्षयरुग्णांसाठी मात्र देशभरात जेमतेम सहा हजार खाटा उपलब्ध होत्या.

मनुष्यबळाची स्थिती याहून बिकट होती. सुमारे तीस कोटी लोकसंख्येसाठी नोंदणीकृत डॉक्टर ४७,५२४ होते, म्हणजे सरासरी ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका सुमारे सात हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. सुईणी सुमारे पाच हजार. रुग्णालयांतील खाटा दर हजार लोकांमागे ०.२४, अर्थात चार हजार लोकांना मिळून एक खाट. शिवाय यातील बहुतांश डॉक्टर शहरांत एकवटलेले होते. खेड्यातील माणसाच्या दृष्टीने हे सरासरीचे आकडेही फसवेच होते.

लखनौचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली आणि १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. उत्तर भारतातील ही एक नामांकित संस्था होती. परंतु साडेपाच कोटी लोकवस्तीच्या संयुक्त प्रांतात पदवीधर डॉक्टर घडविणारी ती दीर्घकाळ एकमेव प्रमुख संस्था राहिली. खेड्यापाड्यांतील दवाखाने चालत ते आग्र्याच्या मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून पदविका घेतलेल्या डॉक्टरांच्या भरवशावर.

आराखड्याचा गाभा

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही व्यक्तीला पुरेशी वैद्यकीय सेवा नाकारली जाऊ नये, हे समितीने पहिले तत्त्व मानले. इंग्लंडप्रमाणे विमा हप्त्यांतून निधी उभारावा काय, याचा विचार समितीने केला. मात्र बहुसंख्य जनता इतकी गरीब आहे की ती हप्ता भरू शकणार नाही, हे ओळखून सेवा सर्वांना विनामूल्य द्यावी आणि तिचा खर्च सरकारी महसुलातून व्हावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. सेवा लोकांच्या शक्य तितक्या जवळ असावी, उपचार आणि प्रतिबंध यांची फारकत संपवावी, गावोगावी आरोग्य समित्या स्थापून लोकांचा सहभाग मिळवावा आणि सरकारी डॉक्टरांनी पूर्णवेळ पगारी काम करून खासगी व्यवसाय करू नये, हीही अहवालाची प्रमुख सूत्रे होत.

रचनेसाठी दोन टप्पे सुचविण्यात आले. पहिल्या दहा वर्षांच्या अल्पमुदतीच्या कार्यक्रमात दर ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. तेथे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, स्वच्छता निरीक्षक, आरोग्य साहाय्यक आणि औषधनिर्माता असावेत. दीर्घ मुदतीच्या योजनेत मात्र तीस लाख लोकसंख्येचा जिल्हा हा एकक धरण्यात आला. त्यात १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय आणि शिखरावर २,५०० खाटांचे जिल्हा रुग्णालय अशी तीन स्तरांची कल्पना होती. रुग्ण खालून वर जाईल आणि तज्ज्ञांचे मार्गदर्शन वरून खाली येईल, असा हा दुहेरी प्रवास होता. यासाठी प्रांतांनी आपल्या एकूण खर्चाच्या किमान १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करावी, अशी शिफारस करण्यात आली. देशासाठी उच्च दर्जाची एक मध्यवर्ती वैद्यकीय संस्था असावी, ही सूचनाही याच अहवालातील. १९५६ च्या कायद्याने दिल्लीत स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही तिची परिणती होय.

मतभेदाचा मुद्दा

अहवाल एकमताचा नव्हता. सर्वांत तीव्र मतभेद पदविकाधारक डॉक्टरांविषयी होता. नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार पदविकाधारक होते. समितीच्या बहुमताने असे ठरविले की, यापुढे देशात एकाच दर्जाचा, पदवीप्राप्त डॉक्टर तयार व्हावा आणि त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे. खेडुतांसाठी दुय्यम दर्जाचा डॉक्टर आणि शहरवासीयांसाठी उत्तम डॉक्टर ही विषमता बहुमताला मान्य नव्हती. काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून याला विरोध केला. पदवीधर डॉक्टर पुरेशा संख्येने तयार होण्यास अनेक दशके लागतील, ते खेड्यात जाणार नाहीत आणि तोवर ग्रामीण जनता उपचारांविना राहील, हे त्यांचे म्हणणे होते.

याच सुमारास दुसरा एक विचारही देशापुढे होता. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्याविषयी एक उपसमिती नेमली होती. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी हे तिचे प्रमुख होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, अशी या उपसमितीची कल्पना होती. भोर समितीने भर दिला तो पूर्ण प्रशिक्षित व्यावसायिकांवर. आयुर्वेद, युनानी आदी देशी पद्धतींविषयीही समितीने हात राखूनच लिहिले आणि तो विषय प्रांतांवर सोपविला. लखनौ हे युनानीचे एक प्रमुख केंद्र. तेथील हकिमांवर विसंबून असलेल्या हजारो कुटुंबांना या आराखड्यात स्थान नव्हते, ही टीका अनाठायी म्हणता येणार नाही.

अंमलबजावणी : जे झाले आणि जे राहिले

अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी गोविंद वल्लभ पंत यांनी लखनौत संयुक्त प्रांताच्या सरकारची सूत्रे पुन्हा हाती घेतली. वर्षभरातच देश स्वतंत्र झाला आणि फाळणीच्या आघाताने सर्व योजनांचे प्राधान्यक्रम बदलले. १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा येथे ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या अनुभवावर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशव्यापी सामुदायिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्याचा भाग म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडण्यात येऊ लागली. मात्र ४० हजारांऐवजी संपूर्ण विकास गटामागे, म्हणजे बहुधा ६० हजार ते एक लाख लोकांमागे, एकच केंद्र देण्यात आले. ७५ खाटांचे ग्रामीण रुग्णालय तर कागदावरच राहिले.

आरोग्यसेवा लोकांपर्यंत कशी पोहोचवावी, याचा शोध लखनौत पुढेही सुरू राहिला. १९५४ मध्ये तेथे नियोजन संशोधन व कृती संस्था स्थापन झाली. खेड्यातील कुटुंबाला परवडेल आणि थोड्या पाण्यात वापरता येईल असा जलबंद शौचालयाचा नमुना या संस्थेने विकसित केला. पुढे देशभर तो संस्थेच्याच नावाने ओळखला गेला. भोर समितीने प्रतिबंधावर दिलेला भर अशा छोट्या, व्यवहार्य संशोधनांतून जमिनीवर उतरला.

१९५९ मध्ये प्रगतीचा आढावा घेण्यासाठी नवी समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते भोर समितीतील सहकारी डॉ. मुदलियार. केंद्रे उघडली गेली, पण त्यांत पुरेसे कर्मचारी आणि साधने नाहीत, असे त्यांच्या समितीला आढळून आले. या समितीचे काम चालू असतानाच, १९६० मध्ये, इंग्लिश खाडीतील गर्नझी बेटावर सर जोसेफ भोर यांचे निधन झाले.

वारसा

भोर यांच्या निधनानंतर सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आज सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे उपकेंद्र, ३० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे सामुदायिक आरोग्य केंद्र असे निकष आहेत. सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास पोहोचले आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार बालमृत्यूचे प्रमाण देशात हजारी २८ होते. तथापि त्याच पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण १६, तर उत्तर प्रदेशात ३८ होते. आराखडा एक असूनही फळ सारखे मिळाले नाही, याचे कारण पैसा, मनुष्यबळ आणि देखरेख यांतील तफावतीत शोधावे लागते. १५ टक्के खर्चाची शिफारस तर दूरच राहिली. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, एवढेच उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठेवले.

भोर समितीच्या वेळचा वादही संपलेला नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने सुमारे हजार लोकांमागे एक आशा कार्यकर्ती नेमण्याचे ठरविले, तेव्हा सोखी उपसमितीची जुनी कल्पना नव्या रूपात परत आली. २०१८ नंतर उपकेंद्रांचे रूपांतर होऊन तेथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. खेड्याला उत्तम डॉक्टर हवा की लवकर मिळणारा आरोग्यसेवक, या प्रश्नावर देशाने अखेर दोन्ही मार्ग अनुसरले आणि दोन्हींची गरज असल्याचे अनुभवाने मान्य केले.

भोर यांनी स्वतः एकाही रुग्णाला औषध दिले नाही. दिवाण, सचिव आणि मंत्री म्हणून आयुष्यभर फायली हाताळलेल्या या अधिकाऱ्याने अखेरीस जी फाईल तयार केली, तिने कोट्यवधी लोकांच्या दारापर्यंत सरकारी आरोग्यसेवा नेण्याची वाट आखून दिली. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रापुढे उभी राहणारी मातांची रांग, मग ती लखनौच्या मलिहाबादेत असो वा नाशिकच्या सुरगाण्यात, त्याच वाटेवरची आहे. त्या वाटेवरचे बरेच अंतर मात्र अद्याप चालावयाचे आहे.